साडेअकराचं ताट

साडेअकरा ते बारा या अर्ध्या तासात यमुनामावशी कोणासाठीही दार उघडत नसत. गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन उभा राहिला तरी नाही, टँकर आला म्हणून वॉचमननं हाका मारल्या तरी नाही. तुळिंजला आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर त्यांचं पाळणाघर होतं आणि ही वेळ सगळ्यांना पाठ झाली होती. माझी सई तिथे जायला लागून महिनाच झाला असेल, तेव्हाची गोष्ट. अंगात कणकण होती म्हणून मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून परत आले आणि पावणेबाराला त्यांची बेल वाजवली. आतून आवाज आला, "जेवण चाललंय. बारा वाजता ये, बाय." मी सईची आई आहे, असं मी दाराबाहेरून ओरडून सांगितलं. "ठाऊक हाय," असं उत्तर आलं. दार काही उघडलं नाही.

मी तणतणत मागच्या बाजूला गेले आणि खिडकीच्या जाळीला नाक लावलं. भिंतीला पाठ टेकवून आठ मुलं अर्धगोल करून बसली होती. सगळी दीड-दोन वर्षांची. मध्ये मावशी मांडी घालून, पुढ्यात एकच मोठं ताट. त्यात मऊ भात, साधं वरण, वर तूप. मावशींचा हात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होता, ताटाकडे येत होता, पुन्हा फिरत होता. कुठल्याही मुलाला ताटली नाही, वाटी नाही, चमचा नाही. आणि माझी सई, जी घरी एका घासासाठी मला पाऊण तास नाचवायची, ती पाळी आली की तोंड उघडत होती. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. सरळ सांगते, माझा जळफळाट झाला.

मावशी मूळच्या गिरीज गावच्या. माहेरची वाडी होती, केळी, नारळ, भाजीपाला. नवरा लवकर गेला, मुलानं तुळिंजला फ्लॅट घेतला आणि मग मुलगा-सून नोकरीसाठी गुजरातेत गेले, तेव्हा मावशी त्या दोन खोल्यांत एकट्या राहिल्या. एकट्यानं भिंती बघत बसण्यापेक्षा त्यांनी शेजारचं एक मूल सांभाळायला घेतलं, त्याची आठ झाली. ठेंगण्या, रुंद हाताच्या, पदर कायम कमरेला खोचलेला. दर रविवारी भावाच्या वाडीवर जात आणि सोमवारी राजेळी केळ्यांची फणी घेऊन येत. भावाशी फोनवर घरच्या वाडवळी बोलीत बोलत, त्यातलं आम्हाला निम्मंही कळत नसे. आमच्याशी मात्र आमच्या मराठीत बोलत आणि फार थोडं बोलत.

त्यांची ती थोडी वाक्यंच माझ्या डोक्यात जायची. सईनं काल रात्री काही खाल्लं नाही, असं मी काळजीनं सांगितलं, तर म्हणत, "खाईल. तिचं पोट कुठे जातंय." डॉक्टर सईला दर महिन्याला काट्यावर बसवून तक्त्यातल्या रेघेखाली टिंब काढतात, हे सांगितलं, तर म्हणत, "डॉक्टरला टिंबं काढायचीच असतात." बालसंगोपनाचं पुस्तक वाचून मी एकदा सईसाठी वेगळी ताटली आणि रंगीत चमचा पाठवला होता. संध्याकाळी दोन्ही जसंच्या तसं कोरडं परत आलं. विचारलं तर म्हणाल्या, "हिला ताटली दिली की बाकीची सात ताटलीकडे बघतात. जेवतं कोण मग?"

घरी मी काय काय करून पाहिलं ते आठवलं तरी थकायला होतं. खिडकीतले कावळे दाखवले, टीव्हीवरच्या जाहिराती लावल्या, मिलिंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, टोपी घालून माकड व्हायला लावलं. सई तोंड घट्ट मिटून माझ्याकडे बघत राहायची. साताऱ्याहून सासूबाईंचा फोन आला की पहिला प्रश्न, जेवते का? आणि दुसरं वाक्य, काही काही बायांच्या हाताला मुलं लागत नाहीत. त्यांनी ते सहज म्हटलं असेल, पण मी ते महिनोन्महिने चघळत होते. दिवसभर मूल दुसरीकडे, आणि जे दोन तास माझ्या वाट्याला येत त्यात ती माझ्या हातचं खात नाही, याचा अर्थ मी एकच लावला होता. तो अर्थ मी कोणाला बोलूनही दाखवत नव्हते.

असं वर्ष होत आलं आणि त्या डिसेंबरात पाळणाघरातल्या आयांनी सहलीचा घाट घातला. महामार्गालगत एक थीम पार्क नव्यानं उघडलं होतं. पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, छोटी आगगाडी, राहायला कॉटेज. दोन दिवस, एक मुक्काम. आठ मुलं, आठ आया, जमतील तेवढे बाप आणि मावशी. माझ्या ऑफिसात बाहेरचा फोन होता आणि फॅक्स होता, म्हणून बुकिंगचं काम माझ्या गळ्यात पडलं. खरं तर मीच ते पाडून घेतलं. दोन दिवस स्वयंपाक नाही, घाई नाही, घड्याळ नाही. टेबलाशी मी आणि सई, तिच्यासमोर तिचं स्वतःचं ताट, आणि माझा हात. एवढं मिळालं तर ती खाईल, अशी माझी खात्री होती. मावशी आल्या नाहीत तर बरं, असंही मनात होतं, पण ते बोलायची सोय नव्हती.

पार्कात बाहेरचा खाऊ न्यायला बंदी होती. जेवणं सगळी आधी पैसे भरून ठरवायची, त्याची कूपनं मिळणार. मोठ्यांचं एक जेवण आणि तीन ते बारा वर्षांच्या मुलांचं एक. आमची सगळी तिनाच्या आतली. मी बुकिंगला फोन लावला. तिकडचे गृहस्थ फार सौजन्यानं बोलायचे, त्यामुळे आणखी चीड यायची. म्हणाले, तिनाच्या खाली फ्री आहे मॅडम. मी विचारलं, जेवणसुद्धा? नाही, एंट्री फ्री. मग जेवण कुठलं घ्यायचं? तर म्हणाले, "जेवण नाही मॅडम. फ्री आहेत ना ती."

मी आठवडाभर या माणसाशी झुंजले. आम्हाला फुकट काही नको, पैसे घ्या आणि भात द्या, एवढंच मी वेगवेगळ्या शब्दांत सांगत होते. ते तितक्याच शांतपणे सांगत, कॉम्प्युटर तिनाच्या खालचं वय घेत नाही. मग घरून डबा आणू का? बाहेरचं अलाउड नाही. मग दोन वर्षांचं मूल दोन दिवस काय खाणार? यावर ते म्हणत, विचारून सांगतो. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. शेवटी त्यांचाही धीर सुटला असावा. आवाज खाली करून म्हणाले, तीन लिहा ना मॅडम, कोण बघतंय?

आमच्या बिल्डिंगमध्ये एक मुलगा होता, तो हाफ तिकिटासाठी सलग तीन वर्षं अकरा वर्षांचाच राहिला होता. सगळी दुनिया मुलांची वयं कमी करते आणि मी ऑफिसात बसून आठ जणांची वाढवत होते, मुलांना जेवायला मिळावं म्हणून. फॅक्सवर सगळी तीन वर्षांची झाली. मुलांच्या जेवणात नूडल्स, तळलेले बटाटे आणि थंड पेय होतं. त्यावरही मी वाद घातला आणि साधा भात, बिनतिखट वरण, बरोबर बारा वाजता, असं लिहून घेतलं. खाली त्यांची सही आली. तो कागद मी मिलिंदला दाखवला, आयांना दाखवला, आणि मुद्दाम मावशींना वाचून दाखवला.

मावशी तांदूळ निवडत होत्या. ऐकून म्हणाल्या, "पोराचं वय पुढे ढकलू नये, बाय. नाय चांगलं ते." मी म्हटलं, मावशी, हे फक्त कागदावर आहे. "कागदावर तरी कशाला?" म्हणाल्या, आणि मग त्यांनी त्यांची योजना सांगितली. मोठ्यांचीच दोन जेवणं जास्त घ्यायची. एक मोठं ताट मागायचं, त्यात भात आणि वरण. बाकी त्या बघतील. आठ मुलांना आठ ताटं दिली तर एकही जेवणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

आता मागे वळून बघते तेव्हा कळतं, किती सोपं होतं ते. कॉम्प्युटरला विचारायला नको, खोटं वय नको, काही नको. पण मला ते ताट नको होतं. मी जरा तोडूनच सांगितलं की ही कुटुंबांची सहल आहे, प्रत्येक मूल आपापल्या आईजवळ, आपापल्या ताटात जेवेल. मावशी "बरं" म्हणाल्या. मावशींच्या 'बरं'नंतर बोलायला काही उरत नसे. पुन्हा मान खाली घालून त्या तांदूळ निवडायला लागल्या.

आम्ही भाड्याची मिनीबस करून गेलो. दहाच्या सुमाराला गेटवर पोचलो. पहिल्यांदा पिशव्या तपासल्या. मावशींच्या पिशवीत केळ्यांची अख्खी फणी निघाली. मी कपाळाला हात लावला, कारण मी दहादा बजावलं होतं. रखवालदारानं फणी काढून फळीवर ठेवली आणि त्यांना पितळी बिल्ला दिला, जाताना घेऊन जा म्हणाला. मावशींनी वाद घातला नाही. त्यातलं एक केळं मोडून त्यालाच दिलं, खा म्हणाल्या, आणि बिल्ला कनवटीला लावला.

पुढे भिंतीवर एक जिराफ रंगवला होता. त्याच्या पोटाशी लाल रेघ. त्या रेघेच्या खालचं मूल फ्री. हे मला फोनवर कोणी सांगितलं नव्हतं. तिथल्या तरुण रखवालदारानं एकेकाला जिराफाशी उभं केलं. आठच्या आठ रेघेच्या वीतभर खाली. मग त्यानं आमची कूपनं वाचली आणि त्याचा चेहरा एकदम प्रामाणिक झाला. म्हणाला, मॅडम, तुमच्याकडून चुकून जास्त पैसे घेतलेत, ही मुलं फ्री आहेत, ही कूपनं इथे जमा करा, पैसे परत मिळतील. मी म्हटलं, अहो, पैसे नकोत, ती तीन वर्षांचीच आहेत, उंचीनं कमी आहेत. आठही? त्यानं विचारलं. मी म्हटलं, हो, आठही. आता हे खोटं माझं मलाच ऐकवत नव्हतं, पण माघार घ्यायची वेळ गेली होती. तेव्हा त्यानं मावशींकडे वळून, आजी, ही किती वर्षांची, असं सईकडे बोट दाखवून विचारलं.

मी मावशींकडे डोळे मोठे करून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा. आणि शांतपणे म्हणाल्या, "दोन वर्षं चार महिने."

कूपनं गेली. रखवालदारानं ती टाचणीला टोचून ठेवली आणि आम्हाला आत सोडलं, आणि एवढ्यावर न थांबता नमस्कारही केला. मी थेट ऑफिस गाठलं. तिथल्या बाईंनी फॅक्स पाहिला, सही ओळखली, पण गेटवर परत घेतलेली कूपनं पुन्हा देणारे साहेब सोमवारी येणार होते. मी म्हटलं, मग नवीन द्या, आत्ता पैसे भरते. त्या म्हणाल्या, मुलांचं जेवण आधीच ठरवावं लागतं, आज घेतलं तर उद्याचं मिळेल. आणि उद्यासाठी मुलांचं वय? त्यांनी विचारलं. मी फॅक्स उचलून बाहेर आले.

बाहेर व्हायचं तेच झालं होतं. साडेअकरा वाजले होते. यांतल्या एकाही मुलाला घड्याळ कळत नव्हतं, पण सोनवण्यांच्या ओमनं सुरुवात केली, मग मिश्रांच्या पिंकीनं, आणि दोन मिनिटांत आठही जणांनी भोकाड पसरलं. छोट्या आगगाडीत बसवलं तर त्यातही रडत फिरून आली. बाप मंडळी थंड पेयाच्या बाटल्या आणायला धावली. मोठ्यांचं जेवण एक वाजता सुरू होणार होतं. सगळ्या आया माझ्याकडे बघत होत्या, कारण सगळं मी ठरवलं होतं. आणि मी मावशींकडे बघत होते.

मी काय बोलले ते मला पूर्ण आठवतं, आठवलं नसतं तर बरं झालं असतं. एक खोटं बोलायला तुमचं काय जात होतं, इथून मी सुरुवात केली. मग मागचं सगळं निघालं. म्हटलं, "तुम्ही मुलांना अशी सवय लावून ठेवली आहे की त्यांना आईचा हात परका वाटतो. माझी मुलगी माझ्या हातचं खात नाही, ते तुमच्यामुळे." सगळ्यांच्या देखत बोलले. मिलिंदनं माझा दंड धरला, तो मी झटकला. मावशींनी ऐकून घेतलं. मग त्यांनी स्वतःचं जेवणाचं कूपन हातात घेतलं आणि त्या जेवणघराच्या मागच्या बाजूला चालत्या झाल्या. मला वाटलं, रुसून गेल्या.

दहा मिनिटांनी पिंकीच्या आईनं हाक मारली म्हणून मी गेले. जेवणघरामागे कोल्ड्रिंकचे क्रेट रचलेले होते, एक बदामाचं झाड होतं आणि मुदपाकखान्याच्या पायऱ्या होत्या. पायरीवर स्टीलची मोठी परात. आत कांदा चिरणाऱ्या बायांशी मावशी काय बोलल्या देव जाणे. त्या बायांनी कूपन घेऊन तिथल्या कामगारांसाठी शिजलेला भात दिला होता आणि फोडणी पडायच्या आधीचं वरण काढून दिलं होतं. मावशी भात कुसकरत होत्या. वास आल्याबरोबर मुलं भिंतीशी जाऊन आपोआप अर्धगोल करून बसली, पाळणाघरात बसायची तशी. रडणं थांबलं होतं.

मावशी उठल्या आणि परात माझ्यापुढे सरकवली. "बस, बाय. तू भरव."

मला वाटलं, ही मला सगळ्यांसमोर धडा शिकवते आहे. रागानंच बसले. पहिला घास घेऊन सरळ सईकडे गेले, अर्थात. तिनं तोंड मिटलं आणि तोच चेहरा केला, रोजचा. मावशी माझ्या मागे उकिडव्या बसल्या होत्या. हळू आवाजात, मला एकटीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तिच्यापासून नको. या टोकापासून सुरू कर. आणि तिची पाळी आली की तिच्याकडे बघू नको. घास तिच्या तोंडाशी ने आणि बोल दुसऱ्याशी."

मी ओमला दिला, त्यानं घेतला. पुढच्याला दिला. पिंकीला दिला. सई सहावी होती. तिच्याकडे हात नेला आणि मान वळवून पिंकीला म्हणाले, काय गं, आगगाडीत बसलीस का तू? पिंकी तिच्या भाषेत काहीतरी सांगायला लागली. ती काय म्हणाली ते मला कळलं नाही, कारण माझं सगळं लक्ष माझ्या बोटांत होतं. आणि बोटांना छोटे छोटे दात लागले. घास गेला. मी तरीही बघितलं नाही. सातवा, आठवा, मग पुन्हा ओम. सई चौथ्या फेरीला स्वतःच पुढे सरकून तोंड उघडून बसली. मी भरवत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. परात रिकामी झाली तेव्हा मावशी तिथे नव्हत्या. त्यांचं कूपन गेलं होतं, म्हणून त्या दुपारी जेवल्या नाहीत, हे मला चार वाजता कळलं. कोणी विचारलं तेव्हा म्हणाल्या होत्या, भूक नाही.

संध्याकाळी उन्हं कलली तेव्हा कॉटेजच्या व्हरांड्यात त्या एकट्या बसल्या होत्या. मी जाऊन शेजारी बसले. माफी मागायला गेले होते, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. मी विचारलं, वर्षभर मी रोज तुमच्यापुढे रडगाणं गात होते. हे एवढं तुम्ही मला एकदाही का सांगितलं नाही?

मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "खोटं नाय सांगत. मला बरं वाटायचं. पोरगी आईच्या हातचं खात नाय आणि माझ्या हातचं खाते. घरी माझं कोण राहिलंय खायला." पुढे म्हणाल्या, "चुकलं माझं. लेकराचं वजन कमी येत होतं, तेव्हा सांगायला पाहिजे होतं."

मला काय वाटलं म्हणून सांगू? कीव आली आणि संतापही आला, दोन्ही एकाच वेळी. ज्या गोष्टीसाठी मी वर्षभर जळत होते, त्याच गोष्टीवर ही बाई वर्षभर जगत होती. मी तेव्हा एक शब्द तरी बोलायला हवा होता. मी उठले आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी दोन्ही वेळा आम्ही मोठ्यांचं एकेक कूपन देऊन एकच ताट घेतलं, आणि मीच भरवलं. मावशी लांब बाकावर बसून जिराफाशी उभ्या राहणाऱ्या मुलांकडे बघत होत्या. निघताना बिल्ला देऊन त्यांनी केळ्यांची फणी परत घेतली आणि बसमध्ये सगळ्यांना वाटली. मला देताना माझ्याकडे पाहिलं नाही.

घरी आल्यावर सगळं एका दिवसात सुधारलं असं नाही. एकट्या सईपुढे ती युक्ती चालेना, कारण बोलायला दुसरं मूलच नव्हतं. मग मी रविवारी ओमला आणि पिंकीला वरती बोलावायला लागले. पुढे संध्याकाळीही. आमच्या स्वयंपाकघरात भिंतीशी तिघांचा अर्धगोल बसू लागला. पावसाळ्यापर्यंत सई माझ्या हातचं एकटीनंही जेवायला लागली आणि डॉक्टरांचं टिंब रेघेला टेकलं. सासूबाईंना मी ते फोन करून कळवलं. मावशींना वेगळं सांगितलं नाही. त्यांना दिसत होतंच, असं मी स्वतःला समजावलं. रोज सकाळी सईला सोडायची, संध्याकाळी न्यायची, बोलणं तेवढ्यापुरतं. जूनमध्ये मुलं शिशुवर्गात गेली. मावशींनी नवीन मुलं घेतली नाहीत. गुडघे धरायला लागले होते म्हणाल्या. फ्लॅट भाड्यानं देऊन त्या गिरीजला भावाकडे गेल्या. टेम्पो निघाला त्या दिवशी मी ऑफिसात होते. रजा टाकता आली असती.

गिरीज काही लांब नव्हतं. स्टेशन ओलांडून बसनं तासाभराचं काम. जाऊ या रविवारी, असं मी किती रविवार म्हटलं असेल. पाच वर्षांनी त्या गेल्याची बातमी आली तीही ओमच्या आईकडून, आठ दिवसांनी. मग मात्र मी गेले. त्यांच्या भावजयीनं चहा केला. शेवटी शेवटी काय करायच्या, असं मी विचारलं. म्हणाली, वाडीवर कामाला येणाऱ्या बायांची पोरं गोळा करून साडेअकराला जेवायला घालायच्या, तेवढाच त्यांचा उद्योग. तुळिंजचं काही बोलायच्या का, हे विचारायचं माझ्या जिवावर आलं. चहा पिऊन परत आले.

आता सई कॉलेजात जाते. परवा तिच्या मावसबहिणीचं बाळ आमच्याकडे आलं होतं आणि जेवायला हैराण करत होतं. त्याच्या आईला सई म्हणाली, अगं, माझ्या आईला विचार, तिला सगळं येतं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मला लहानपणी नेहमी तूच भरवायचीस ना? मला तेवढंच आठवतं, तू आम्हाला सगळ्यांना एका ताटातून भरवायचीस." मी विचारलं, आणि यमुनामावशी? खालच्या मजल्यावरच्या? सईनं आठवून पाहिलं, प्रामाणिकपणे पाहिलं. नाव ऐकल्यासारखं वाटतंय, म्हणाली, चेहरा नाही आठवत.

जिच्या एका घासावरून आम्ही दोघी बायका वर्षभर मनातल्या मनात भांडलो, ती हे म्हणत होती. मला जे हवं होतं ते सगळंच्या सगळं मला मिळालं होतं, मावशींच्या वाट्याचंसुद्धा. बाळाची आई कौतुकानं माझ्याकडे बघत होती. मी सईला म्हटलं, "हो, मीच भरवायचे."

ते खरं नव्हतं. सईनं हे वाचावं म्हणून लिहिलं.